शेपटीकडे तोंड

आमच्या घरात तो एका बिस्किटाच्या डब्यात राहतो.
टोपीवरचा बिल्ला, दोन पत्रं, एक तार,
आणि सुतळीत ओवलेले जकार्डचे अकरा पुट्ठे.

गुंडेटी बालनरसय्या मल्लय्या, साखर पेठ.
माझ्या बापाचा थोरला भाऊ. आम्हां सगळ्यांचा अन्ना,
मी जन्मायच्या नऊ वर्षं आधी गेलेला.
वायरलेस ऑपरेटर आणि गनर :
एकाच पगारात दोन कामं,
ऐकायचं आणि मारायचं.

दहाव्या वर्षापासून तो पुट्ठे पाडायचा.
भोक असेल तर दोरा वर,
नसेल तर दोरा खाली,
सहाशे पुट्ठे ओवले की एक मोर.
अंबाल्याला कट्ट-कडकट्ट शिकवायला लागले
तेव्हा बाकीची पोरं रात्रभर घोकायची,
हा झोपायचा.
घरी लिहिलं : नायना, ही तर आपलीच भाषा.
फक्त हिच्यातून मोर निघत नाही.

विमानात माणसं दोनच.
पुढे कुर्गचा बोपय्या, मागे अन्ना,
पाठीला पाठ.
बोपय्याला येणारं दिसायचं,
अन्नाला गेलेलं.
विमान नाक खाली करून सुटलं
की त्याच्यासमोर नुसतं आभाळ,
आणि बॉम्ब टाकून वर उचललं
की बोपय्यासमोर आभाळ.
खाली काय पेटलं ते बघायचं,
मोजायचं, कळवायचं,
हे आमच्या अन्नाकडे.

दुसऱ्या पत्रात साडेतीन ओळींवर काळी शाई.
बल्बसमोर धरून पाहिलं, उन्हात धरून पाहिलं.
गावाचं नाव गेलं, नदीचं गेलं.
शाईखाली एवढंच वाचलंय :
‘रस्त्याच्या कडेनं झाडाझाडांना बांधून
पाजणीचा ताणा वाळत घातला होता.
पांढरा. साठेक हात असेल.
वरून मी लगेच ओळखला.
परत वर येताना तो एका टोकाकडून
दुसऱ्या टोकाकडे जळत गेला, सरळ,
आपण वात लावतो तसा.
अम्माला हे वाचून दाखवू नका.’

तपासणाऱ्या साहेबाला
ताणा म्हणजे काय, ठाऊक नसणार.

तार आली तेव्हा नायना पहिल्या पाळीवर.
टाइमकीपर इरेशप्पानं वाचली, मग मराठीत सांगितली,
मग मोडक्या तेलुगूत :
बेपत्ता.
नायना म्हणाला, पत्ता आहे की. साखर पेठ.
भोंगा होईपर्यंत माग चालवला त्यानं.
त्या दिवशीच्या कापडात एकही दोरा तुटला नाही,
असं माझा बाप सांगायचा.
मला ते खरं वाटत नाही.

अम्मा गड्ड्याला जायची, मिठाई आणायची,
पण होम मैदानावर दारूकाम सुरू झालं
की दाराला आतून कडी.
एकदा शेजारणीनं हाक मारली,
बघा तरी, आभाळात झाड उगवलंय!
अम्मा आतून म्हणाली,
खाली कुणाचं घर आहे ते बघ आधी.

ते विमान नाक खाली करून सुटलं
ते वर आलं नाही, एवढंच पुढे कळलं.
मी हिशेब करतो.
तोंड शेपटीकडे, म्हणजे जमीन त्याला दिसलीच नसणार.
मार्चचं आभाळ, आपल्यापासून लांब लांब जाणारं,
कानात कट्ट-कडकट्ट,
आणि पाठीला लागलेली बोपय्याची पाठ.

आता नक्षी पेन ड्राइव्हवर येते.
तरी त्या अकरा पुट्ठ्यांत
त्यानं काहीतरी लिहून ठेवलंय असं मला वाटायचं,
शेवटच्या रजेत बसून पाडलेत म्हणून.
विजापूर रोडवर एक रिटायर तारबाबू आहेत, शहाण्णव वर्षांचे.
त्यांनी भोकांवरून बोट फिरवलं,
दोनदा, तीनदा,
आणि हसले.
ही तार नाही हो, नक्षी आहे.
अर्धवट.

जुन्या हातमागावर चढवून बघितली.
मोराचा पाय निघाला. एकच, नख्यांसकट.

पुढचे पुट्ठे पाडायला बसलो परवा.
सात झाले.
मग लाइट गेली.